घासावें कीं राहूं द्यावें?

पितळेच्या जुन्या समईवर चढलेला काळसर थर घासून काढावा कीं तसाच राहूं द्यावा, हा प्रश्न प्रथमदर्शनीं मासिकाच्या पानांवर येण्याच्या योग्यतेचा वाटणार नाहीं. तो मोरीपाशीं सुटावयाचा, चिंचेच्या कोळानें आणि काथ्याच्या चोथ्यानें निकालांत निघावयाचा प्रश्न आहे, असें कोणीहि म्हणेल; आणि आमच्या आज्यांच्या पिढीनें तो तसाच निकालांत काढलाहि होता. भांडें काळें दिसलें कीं घासावें. न घासणें हा आळस, आणि काळ्या भांड्यांचें घर तें गलिच्छ घर, एवढें स्वच्छ नीतिशास्त्र त्यांच्यापाशीं होतें. परंतु अलीकडे सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत घंगाळें, हंडे, समया आणि झोपाळ्याच्या कड्या शोभेच्या वस्तु म्हणून येऊन बसल्यापासून हा प्रश्न इतका सोपा राहिलेला नाहीं. एका घरीं पाहावें तों जुना हंडा आरशासारखा चकचकीत करून त्यावर पारदर्शक लेप चढविलेला. दुसऱ्या घरीं तसाच हंडा हिरवाकाळा, आणि त्याला कोणीं फडकें लावूं नये अशी गृहस्वामीची सक्त ताकीद. आपण जुन्याची कदर करतों असें दोघेहि म्हणतात. दोघांचेंहि म्हणणें एकाच वेळीं खरें असणें कठीण आहे. दोघांचेंहि खोटें असणें मात्र शक्य आहे.

या थराविषयीं थोडें रसायन आधीं पाहिलें पाहिजे. कारण निरनिराळ्या गोष्टींना एकच नांव दिल्यानें या वादांत पुष्कळसा घोटाळा होतो. तांब्यावर हवेंतील प्राणवायूची क्रिया होऊन प्रथम तांबूस-तपकिरी आणि मग काळसर असा पातळ पापुद्रा बनतो. तो धातूला घट्ट चिकटलेला असतो, आणि पुढील झिजेपासून तिचें कांहीं अंशीं रक्षणच करतो. उघड्या हवेंत, पावसापाण्यांत वर्षानुवर्षें राहिलेल्या तांब्यावर याच्याहि वर हिरवा थर येतो. पितळ म्हणजे तांबें व जस्त, कासें म्हणजे तांबें व कथील. तेव्हां त्यांचीहि गत थोड्याफार फरकानें तीच. परंतु खाऱ्या हवेंत किंवा खाऱ्या जमिनींत राहिलेल्या वस्तूंत मिठांतील क्लोराइड शिरतें, आणि मग दमट हवा लागतांच फिकट हिरवी भुकटी ठिपक्याठिपक्यांनीं फुलूं लागते. संग्रहालयांतील तज्ज्ञ याला कांस्यरोग म्हणतात. हा थर रक्षण करीत नाहीं, पोखरतो. या सर्वांवर बसलेला चुलीचा धूर, तेलाचा चिकटा, कोळिष्टकें आणि गेल्या वर्षीची धूळ हा तर निराळाच मामला. यांपैकीं काळाचा हात म्हणावयाचें तें कशाला? समईच्या बैठकीला चिकटलेलें खवट तेलहि जपून ठेवणारे रसिक आहेत. त्यांच्या रसिकतेची आम्हांस कींव येते.

या थराला मान देण्याची कल्पना आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाबरोबर आली, हें मान्य करण्यांत कमीपणा नाहीं. युरोपांत ती पुष्कळ जुनी आहे. डेल्फी येथील पुतळ्यांच्या कांशावरची निळसर झांक पाहून ती धातूच्या मिश्रणाची करामत कीं तेथील हवेची, अशी चर्चा करणारीं माणसें प्लूटार्कच्या एका संवादांत भेटतात. १६८१ मध्यें बाल्दिनुच्ची या इटालियन विद्वानानें केलेल्या कलाविषयक कोशांत ‘पॅटिना’ हा शब्द येतो, तो चित्रांवर काळानें चढणाऱ्या गडद छटेसाठीं. एकोणिसाव्या शतकांत रस्किननें या आवडीला नीतीचें अधिष्ठान दिलें. १८४९ च्या आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथांत त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, इमारतीचें खरें वैभव तिच्या वयांत आहे, आणि जीर्णोद्धार हा उद्धार नसून विध्वंसाचाच एक प्रकार आहे. त्याच्या विचारांनीं भारलेल्या विल्यम मॉरिसनें १८७७ मध्यें जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं संस्था काढली; चर्चच्या भिंती खरवडून नव्या करणाऱ्यांवर तिचा विशेष रोष होता. पुढें १९०३ मध्यें व्हिएन्नाच्या रीग्लनें वस्तूच्या ऐतिहासिक मूल्याहून तिचें वयोमूल्य निराळें काढून दाखविलें. झिजलेली पायरी पाहून मन हलण्यास इतिहासाचा अभ्यास लागत नाहीं, असा त्याचा मथितार्थ आम्ही सांगूं.

हे विचार आम्हांस आदरणीय वाटतात. पण ते मुख्यतः दगडी भिंतींविषयीं, म्हणजे घरच्या माणसाचा हात रोज लागत नाहीं अशा वस्तूंविषयीं मांडलेले आहेत, हें विसरतां कामा नये. ज्या इंग्लंडांत रस्किन लिहीत होता, त्याच इंग्लंडांत दारावरची पितळी मूठ मोलकरीण घासून लख्ख करीत असे, आणि तीबद्दल तिला कोणी अरसिक म्हणत नसे. जपानी लेखक तानिझाकी याचें उदाहरण याहूनहि बोलकें आहे. छायेची थोरवी गाणाऱ्या, १९३३ मध्यें प्रसिद्ध होऊं लागलेल्या आपल्या निबंधांत तो काळवंडलेल्या चांदीची बाजू घेतो, आणि प्राचीनतेची झळाळी म्हणतात ती वस्तुतः असंख्य हातांच्या मळाची झळाळी आहे, हें प्रांजळपणें कबूल करतो. त्याच ओघांत तो असेंहि सांगून जातो कीं, मोठ्या धीरानें जमूं दिलेला चांदीवरचा काळेपणा एखादी मोलकरीण घासून टाकते आणि मालकाचीं बोलणीं खाते, हा प्रकार बहुतेक घरांत घडलेला असतो. हें वाचतांना आमची सहानुभूति मोलकरणीकडे गेली. एका पिढीनें तिला न घासल्याबद्दल बोलावें आणि दुसरीनें घासल्याबद्दल! मत एकाचें आणि घासणारे हात दुसऱ्याचे, ही या प्रश्नांतली खरी ग्यानबाची मेख आहे. आपल्याकडेहि चकचकीत भांड्यांची कौतुकें करणारे पुरुष चोथा हातांत धरीत नव्हते, आणि आज काळेपणाचीं कौतुकें करणारेहि बहुधा धरीत नाहींत.

आपल्याकडे मुळांत हा प्रश्न सौंदर्याचा नव्हताच, शुद्धीचा होता. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत तांबें, लोखंड, कासें, पितळ, कथील व शिसें यांची शुद्धि क्षार, आम्ल आणि पाणी यांनीं यथायोग्य करावी असें सांगितलें आहे. आमच्या मोरीवरची राख, चिंच आणि पाण्याची बादली हीं त्या वचनाचीं थेट वंशज म्हटलीं तरी चालेल. समई घासावयाची ती दिवाणखान्यास शोभा यावी म्हणून नव्हे, तर संध्याकाळीं ती देवापुढें लागावयाची म्हणून. स्वयंपाकाच्या भांड्यांच्या बाबतींत तर या शुद्धीला आरोग्याचाहि आधार होता. पितळी पातेल्याची कल्हई गेली कीं त्यांतलें ताक कळकतें आणि आमटी तोंडांत धरवत नाहीं. पातेल्याच्या आंतल्या बाजूवर चढणाऱ्या थराला अद्याप कोणा रसिकानें वयोमूल्य दिलेलें नाहीं, आणि देऊंहि नये. तेथें कथलाचा मुलामा वरचेवर नवा करणें हाच जुनें भांडें चालू ठेवण्याचा मार्ग होता.

मग आपल्या घरांत वस्तूचें वय दिसत नव्हतें काय? दिसत होतें, पण तें काळेपणानें नव्हे, झिजेनें. देव्हाऱ्यांतल्या पितळी बाळकृष्णाचें नाक पाहावें. रोजचें स्नान, रोजचें पुसणें, सणावारीं चिंच. तीनचार पिढ्यांत मुद्रेवरचे बारकावे पुसट होऊन तो चेहरा नदींतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झालेला असतो. कुळधर्माचे चांदीचे टाक तर इतके झिजतात कीं, खंडोबा कोणता आणि भैरोबा कोणता हें घरांतल्या वडील माणसासच सांगतां यावें. आणि मग ते सोनाराकडून उजळून किंवा नवे करून घेतात. त्यांत कोणास पाप वाटत नाहीं. युरोपीय रसिकानें हा कारभार पाहिला तर तो कपाळाला हात लावील. परंतु हा गुळगुळीतपणाहि काळानेंच आणलेला आहे, आणि त्यांत माणसाचा हात मिसळलेला आहे. माळ्यावर टाकून दिलेल्या हंड्याचा काळेपणा विसरण्यामुळें आला. देवाची झीज आठवणीमुळें आली. दोहोंस एकाच मापानें मोजणें योग्य नाहीं.

जुन्या वाड्यांतल्या झोपाळ्याच्या पितळी कड्या ज्यानें नीट पाहिल्या असतील, त्याला आमचें म्हणणें लगेच कळेल. तुळईपाशींच्या कड्या काळ्याभोर. तेथें वर्षांतून एकदां, दिवाळीच्या आधीं, कोणी शिडीवर चढलें तर हात पोंचावयाचा. मधल्या कड्यांवरचे मोर आणि हत्ती मधाच्या रंगाचे. आणि बसणाऱ्याची मूठ जेथें पडते त्या दोनतीन कड्या कोणीं न घासतां सोन्यासारख्या पिवळ्या. मुलांची मूठ खालीं, मोठ्यांची वर. म्हणून या उजळपणालाहि एक चढती श्रेणी असते. अशी साखळी यंत्राच्या चाकावर धरून वरपासून खालपर्यंत एकसारखी चकचकीत करणें म्हणजे एका कुटुंबाचें बसणें-उठणें पुसून टाकणें होय. आणि तिच्यावर मुद्दाम सगळीकडे काळा रंग चढविणें, म्हणजेहि तेंच.

घासण्याविरुद्ध सर्वांत बळकट पुरावा मात्र सौंदर्यवाद्यांकडून येत नाहीं. तो पुरातत्त्वाकडून येतो. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील नेवासें येथें १९५४ ते १९५६ या काळांत उत्खनन झालें. तेथें एका लहान मुलाच्या दफनांत गळ्याभोवतीं तांब्याच्या मण्यांची माळ निघाली, आणि त्या मण्यांत सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींचा दोरा शिल्लक होता. आपल्या हवापाण्यांत सुती दोरा जमिनींत तीन वर्षें टिकण्याची मारामार. हा टिकला तो तांब्याच्या क्षारांनीं त्याला कवटाळून ठेवलें म्हणून. मोहेंजोदडो येथेंहि कापडाचा अवशेष असाच धातूच्या भांड्याला चिकटून वांचला. ज्याला आमच्या आज्यांनीं जंगाल म्हणून खरवडून काढलें असतें, त्यांतच आपल्या पूर्वजांच्या सूतकताईची साक्ष दडलेली होती. त्याच जिल्ह्यांत दायमाबाद येथें १९७४ मध्यें एका ग्रामस्थाला झाडाचें खोड खणतांना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्या धातुमूर्ति सांपडल्या. सर्वांचें मिळून वजन साठ किलोहून अधिक. चार हजार वर्षांच्या आसपास जमिनींत राहिलेल्या त्या मूर्ति कोणी भक्तिभावानें चिंचेनें लख्ख केल्या असत्या, तर त्याच्या भक्तीविषयीं शंका घेण्याचें कारण नव्हतें, पण विद्येचें मात्र मोठें नुकसान होतें.

राखलेला थर उद्यां घासतां येतो, घासलेला थर उद्यां परत चढवितां येत नाहीं. म्हणून शंका असेल तेथें हात आंवरावा, हा न्याय आम्हांस मान्य आहे. परंतु तो शेवटपर्यंत ताणला तर कोणत्याच वस्तूला हात लावण्याची सोय राहत नाहीं. १९७२ च्या पुरावस्तूंविषयींच्या कायद्यानें शंभर वर्षांची मर्यादा घातली आहे. वर्षांच्या या हिशेबानें १९२० च्या सुमारास लग्नांत आलेली समई आज पुरावस्तूंच्या पंक्तीला बसते. म्हणून तिच्यांत तेल घालूं नये काय? तिच्यावर काजळी बसूं देऊं नये काय? संग्रहालयांतील समईचें काम साक्ष देणें हें आहे. घरांतल्या समईचें काम जळणें हें आहे. जी वस्तु कामावर आहे तिला कामावरच्या माणसाप्रमाणें हातपाय धुण्याचा अधिकार असावा.

न्यूयॉर्कच्या बंदरांतील स्वातंत्र्यदेवीच्या बाबतींत हा भेद नकळत फार चांगला पाळला गेला, असें आम्हांस वाटतें. १८८६ मध्यें ती उभी राहिली तेव्हां तिचा रंग तांब्याचा होता. पुढील तीनचार दशकांत ती सर्वांगीं हिरवी झाली. १९०६ मध्यें तिला रंग देण्याची भाषा निघाली तेव्हां लोकांनींच विरोध केला. १९८४ ते १९८६ या काळांत तिची मोठी दुरुस्ती झाली, आंतला सांगाडा बदलला, परंतु अंगावरचा हिरवा थर राखला. हातांतली मशाल तेवढी नवी केली, आणि तिच्या ज्योतीवर सोन्याचा वर्ख चढविला. अंग जुनें राहिलें, ज्योत उजळली.

बाजारांत मात्र याच्या नेमकें उलट चाललेलें दिसतें. १९६० नंतरच्या दोनतीन दशकांत स्टेनलेस स्टीलचीं भांडीं घरोघर आलीं आणि कल्हईवाल्याची आरोळी हळूहळू ऐकूं येईनाशी झाली. हंडे, घागरी, बंब मोडीच्या भावानें वजनावर गेले. त्यांच्यापैकीं जे वितळले नाहींत ते आज जुन्या वस्तूंच्या दुकानांतून, वजनावर नव्हे तर वयावर विकले जातात. आणि वय विकावयाचें म्हटलें कीं तें बनविणेंहि आलें. अमोनियाच्या वाफेनें किंवा मीठ व शिरका लावून नव्या पितळेला चार दिवसांत हिरवें करतां येतें. ज्याला चकचकीत पाहिजे त्याच्यासाठीं दुसऱ्या कोपऱ्यांत चाक फिरत असतें. पुण्याच्या तांबट आळींतल्या कारागिरांचें मठारकाम ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस त्या चाकाचा पराक्रम निराळा सांगावयास नको. हातोडीच्या एकेका ठोक्यानें उमटलेले ते खोलगट ठसे प्रकाश निरनिराळ्या दिशांनीं परतवितात. चाकाखालीं त्यांच्या कडा बसतात, आणि भांडें कारखान्यांतून आल्यासारखें सपाट दिसूं लागतें. वरून पारदर्शक लेप दिला कीं त्याला पुन्हां कोणाचा हात लागावयासहि नको. चार दिवसांत आणलेलें वय आणि कायमची चकाकी यांत आम्हांस फरक दिसत नाहीं. एकाला काळ न घालवितां जुनेपण पाहिजे, दुसऱ्याला कष्ट न घेतां लख्खपणा पाहिजे. ‘पितळ उघडें पडणें’ हा वाक्प्रचार अशा ठिकाणीं अक्षरशः लागू पडतो.

आतां राहिलें तें नांव घातलेलें भांडें, आणि हेंच सर्वांत अवघड. लग्नकार्यांत दिलेल्या भांड्यावर नांव घालण्याची आपल्याकडे चाल. छिन्नीच्या ठोक्यांनीं उमटविलेलीं तीं वांकडींतिकडीं अक्षरें: देणाऱ्याचें नांव, घेणारीचें नांव, गांव, क्वचित् शक आणि मिति. ज्या काळांत पुष्कळ बायकांचें नांव जमिनीच्या कागदावर नव्हतें, दारावरच्या पाटीवर नव्हतें, आणि लग्न होतांच जन्मनांवहि बदललें जात असे, त्या काळांत माहेरून आलेल्या एखाद्या कळशीवर किंवा समईवर तें टिकून राही. आणि तेंच नांव तिच्याच हातांनीं घासलें गेलें. राख, विटेची भुकटी, काथ्या हीं सर्व धातूचा कणकण घेऊन जातात. चिंचेचें आम्ल पितळेंतलें जस्त आधीं ओढून घेतें आणि मागें गुलाबी झांक ठेवतें. कांहीं वर्षांनीं अक्षरांच्या कडा बसतात. आणखी कांहीं वर्षांनीं काना होता कीं नव्हता हें बोटानें चांचपून पाहावें लागतें. येथें आमचा वरचा कामावरचा आणि बिनकामाचा भेद अपुरा पडतो. घासणें ही तिची निष्ठा होती. तें थांबवावें तर तिची रीत राहत नाहीं. चालूं ठेवावें तर तिचें नांव राहत नाहीं.

आम्ही नांवाच्या बाजूचे आहोंत. रीत दुसऱ्या समईवरहि चालवितां येते. नांव त्या एकाच ठिकाणीं आहे. अक्षरांवर पातळ कागद धरून वरून पेन्सिल फिरविली तर त्यांचा ठसा उतरतो. तो आधीं काढून ठेवावा, म्हणजे निदान वाचलेलें हरवणार नाहीं. फिकट हिरवी भुकटी दिसत असेल तर जाणत्याला दाखवावी. तेथें मायेनें राहूं देणें म्हणजे वस्तु गमावणें. बाकी वाती लागतात तें तबक खुशाल चिंचेनें घासावें, कारण आज रात्रीं तेथें तेल पडावयाचें आहे. दांड्याला कोमट पाणी आणि थोडा साबण. बैठकीवर जेथें अक्षरें आहेत तेथें मऊ कोरडें फडकें पुरे. आणि हें सर्व ज्याचें त्यानें करावें, मोलकरणीवर सोंपवूं नये. अशी समई वर लख्ख आणि खालीं काळी दिसेल, आणि सणाला आलेल्या पाहुण्यांपैकीं कोणी तरी ती अर्धवट कां घासली म्हणून विचारीलच. त्या वेळीं निरांजन जरा खालीं धरावें आणि नांव वाचून दाखवावें.